रिपोर्ट नॉर्मल आहे!

गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते मला कळते. "बाई, रिपोर्ट नॉर्मल आहे!"

तर झाले असे. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला. नऊ दिवस दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळीसोबत काढून मी घरी परत आले. आमच्या वाडीतले तिघे परत आले नाहीत, त्यामुळे माझे गाऱ्हाणे फार मोठे आहे असे मी म्हणणार नाही. पण घरी आल्यावर विहिरीपासून ओटीपर्यंतच्या सात पायऱ्या चढल्या की मला धाप लागू लागली. बोटाला लावायचे ते यंत्र ९७ दाखवायचे. एक्स-रे स्वच्छ. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन केला, तोही जवळजवळ स्वच्छ. नळीत जोराने फुंकायची चाचणी झाली, तीही वयाच्या मानाने बरी. डॉक्टर भला माणूस. पण तेही शेवटी म्हणाले, "बाई, सगळं नॉर्मल आहे. भीती मनातून काढून टाका." सुनेने प्राणायामाची सीडी आणली. हे म्हणाले, "तू विचार फार करतेस."

कोणी वाईट वागले नाही. पण दोन-तीन महिन्यांत माझे मलाच वाटू लागले, आपण ढोंग तर करत नाही ना?

त्या वर्षी गणपतीला माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मुंबईच्या एका इस्पितळात तो एमआरआयचे मशीन चालवतो. माझी कथा ऐकून तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला झेनॉन आठवतो का? तुम्हीच शिकवलात. निष्क्रिय वायू, कुणाशी संयोग पावत नाहीत, कुणाच्या कामाचे नाहीत!"

आठवतो तर! खरे म्हणजे मी बी.ए., मराठी आणि इतिहासवाली. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक टिकत नसत. मग वर्षातले चार-सहा महिने विज्ञान माझ्या गळ्यात पडायचे आणि मी आदल्या रात्री पाठ वाचून दुसऱ्या दिवशी शिकवायची. तो सांगत होता, परदेशात हा झेनॉन वायू माणसाला हुंगायला देऊन फुप्फुसाची छायाचित्रे काढतात. सीटी स्कॅनमध्ये जे दिसत नाही ते त्यात दिसते. त्याने काही लेख पाठवले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते जमेल तसे वाचत गेले. भौतिकशास्त्र सगळे कळले असे म्हणत नाही, पण त्यामागचा इतिहास कळला. तोच आज सांगणार आहे.

सुरुवात करावी लागते १८४६ पासून. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या शल्यवैद्याने श्वास मोजायचे यंत्र केले. पाण्यात उपडे घातलेले एक भांडे. नळीतून फुंकले की ते वर उचलले जाते, आणि किती उचलले गेले यावरून फुप्फुसात किती हवा मावते ते समजते. त्याने दोन हजारांहून जास्त लोकांचे श्वास मोजले, त्यांत खलाशी होते, पोलीस होते, पैलवानही होते. मी फुंकले ते यंत्र याच घराण्यातले. पण त्यातून संपूर्ण छातीचा हिशेब मिळतो, तिच्या कोपऱ्याकोपऱ्याचा नाही. शिक्षकांना हे पटकन कळेल. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणजे कोणी नापास नाही असे होत नाही. चार हुशार मुले सरासरी सांभाळून घेतात आणि मागच्या बाकावरचा तसाच राहतो. फुप्फुसाचेही तसेच आहे. त्याच्याजवळ एवढी शिल्लक असते की एखादा भाग काम करेनासा झाला तरी आकडा लगेच पडत नाही.

पुढे एक्स-रे आला, सीटी स्कॅन आला. त्यांनी घराच्या भिंती दाखवल्या. पण घरात वारा खेळतो की नाही, ते भिंतींच्या फोटोत कसे दिसणार? १९५५ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात क्निपिंग यांनी किरणोत्सारी झेनॉन हुंगायला देऊन छातीवर मोजयंत्रे लावली आणि हवा कुठे जाते ते पाहिले. कल्पना उत्तम, पण त्या मार्गाने मिळणारी चित्रे पुसट, आणि किरणोत्सर्ग आलाच.

मग १९७३ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढायची युक्ती प्रसिद्ध केली. तीच आजची एमआरआय. २००३ मध्ये त्यांना आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी नोबेल मिळाले. एक्स-रेसारखे किरण नाहीत, आणि मेंदू, गुडघे, मणके सगळे स्पष्ट दिसते. फक्त फुप्फुसाच्या जागी काळे भगदाड!

असे का, ते माझ्या विद्यार्थ्याने मला मैदानावरच्या कवायतीचे उदाहरण देऊन समजावले. (शिष्याने गुरूला गुरूच्याच पद्धतीने शिकवावे, याहून सुख ते कोणते!) आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ म्हणजे एक बारीकसा लोहचुंबक. मशीनच्या चुंबकात गेल्यावर हे सगळे रांगेत उभे राहतात, पण बेशिस्त मुलांसारखे. अर्धे पूर्वेकडे तोंड करून आणि अर्धे पश्चिमेकडे. त्यांचा आवाज एकमेकांना मारून टाकतो. नेहमीच्या मशीनमध्ये दहा लाखांत जेमतेम पाच जण एका बाजूला जास्त भरतात, आणि त्या पाचांच्या आवाजावर सगळे चित्र उभे राहते. पाणी दाट असते म्हणून ते पाचही पुरतात. फुप्फुसात मात्र बहुतेक हवाच. हवा इतकी विरळ की तिच्यातल्या वायूचा आवाज कानावरच येत नाही.

यावर उपाय काय? वायू दाट करता येत नाही, नाहीतर माणूस श्वास कसा घेणार! मग एकच उरते. जेवढे आहेत तेवढ्यांना शिस्त लावायची.

ही शिस्त लावणारा मास्तर निघाला प्रकाश. पॅरिसमध्ये आल्फ्रेड कास्टलर यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की ठरावीक पद्धतीने पिळलेला प्रकाश अणूंवर टाकला तर त्यांचे चुंबक एका दिशेला वळवता येतात. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. १९६० मध्ये अमेरिकेत याच मार्गाने हेलियमचे अणुगर्भ वळवता आले. त्यात एक मध्यस्थ लागतो, रुबिडियम नावाच्या धातूची वाफ. प्रकाश रुबिडियमला शिस्त लावतो आणि रुबिडियम टकरा देत देत ती वायूकडे पोचवतो. प्रिन्स्टनमध्ये विल्यम हॅपर यांनी या टकरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. कशासाठी? फुप्फुसासाठी मुळीच नाही! त्यांना अणूंचे वागणे समजून घ्यायचे होते, एवढेच.

आता त्या वायूकडे येते. झेनॉन १८९८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी शोधला. हवा थंड करून पातळ करायची, मग हळूहळू उकळू द्यायची आणि तळाशी काय राहते ते पाहायचे, अशी त्यांची रीत. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा एक भागसुद्धा धड नाही. ग्रीक भाषेत झेनॉन म्हणजे परका, अनोळखी. आपल्या दृष्टीने मौजेची गोष्ट अशी की जमशेटजी टाटांनी योजलेली विज्ञान संस्था कुठे असावी हे पाहायला हेच रॅमसे १९००-०१ च्या सुमारास हिंदुस्थानात आले होते. त्यांनी बंगळूरची शिफारस केली. आणि त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स! म्हणजे झेनॉन शोधणाऱ्या दोघांपैकी एक जण बंगळूरला येऊन राहिला होता. हे मला तेव्हा माहीत असते तर तो पाठ मी किती रंगवून शिकवला असता.

आणि 'कुणाशी संयोग पावत नाहीत' हेही मी चुकीचेच शिकवत होते. १९६२ मध्येच नील बार्टलेट यांनी कॅनडात झेनॉनचे संयुग करून दाखवले होते. माझी नोकरी सुरू झाली ती १९७३ मध्ये. पण पुस्तकात होते ते मी सांगितले... असो.

'कुणाच्या कामाचे नाहीत' याची गंमत तर आणखी वेगळी. १९५१ मध्ये अमेरिकेत कलन आणि ग्रॉस या दोघांनी झेनॉन हुंगायला देऊन माणसांना भूल दिली. कोणाशी फारसा न मिसळणारा वायू, पण चरबीत सहज विरघळतो आणि मेंदूवर परिणाम करतो. पुढे स्टोनी ब्रुकमध्येच आर्नल्ड विश्निया हे झेनॉन पेशींच्या पडद्यांत कसा शिरतो ते पाहत होते, पण त्याचा आवाज इतका क्षीण की काम पुढे सरकेना. तिथल्याच मिचेल अल्बर्ट या तरुण संशोधकाची आणि प्रिन्स्टनच्या हॅपर यांच्या मंडळींची गाठ पडली. एकाकडे प्रश्न होता, दुसऱ्याकडे त्याचे उत्तर कित्येक वर्षे पडून होते. जुलै १९९४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. उंदराची फुप्फुसे शिस्तीतल्या झेनॉनने भरून त्यांनी चित्र काढले होते. दहा लाखांत पाच नव्हे, तर शंभरातले कित्येक अणुगर्भ एका दिशेला. जिथे काळे भगदाड असायचे तिथे पहिल्यांदा उजेड पडला.

माणसावर आधी आला तो मात्र झेनॉन नव्हे, त्याचा भाऊ हेलियम. तोही फुग्यातला नव्हे, हेलियम-३ नावाचा अगदी दुर्मीळ प्रकार. त्याचा आवाज झेनॉनपेक्षा बराच मोठा. १९९६ मध्ये अमेरिका आणि जर्मनी दोन्हीकडून माणसांच्या फुप्फुसांची अशी चित्रे प्रसिद्ध झाली.

हेलियम म्हटले की आम्हा देवगड तालुक्यातल्या लोकांना विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने तिथे दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. आता तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिवसही साजरा होतो. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला आता हे दुरुस्त करायला हवे. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले ते आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियरनी सूर्यप्रकाशातल्या त्या पिवळ्या रेषेचा अभ्यास केला तो त्याच वर्षी इंग्लंडात बसून. ते विजयदुर्गला आले होते हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी! ओटे त्या वेळचे असावेत असे मानायला जागा आहे. आणि १८९८ म्हणजे लंडनमध्ये झेनॉन सापडला तेच वर्ष.

पण विजयदुर्ग मला आठवतो तो निराळ्याच कारणाने.

१९८६ ची गोष्ट. आठवीची सहल घेऊन मी किल्ल्यावर गेले होते. चढणीवर एक मुलगी मागे राहिली. पायरीवर बसून म्हणाली, "बाई, माका दम लागता." बारीक चणीची, एरवी हसतीखेळती. कवायतीच्या तासालाही ती असेच सांगायची. तिच्या वडिलांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते, आणि तिथे छाती तपासून काही नाही म्हणून सांगितले होते. मला उन्हाआधी ओट्यांपर्यंत पोचायचे होते. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "डॉक्टर म्हणतात काही नाही, मग तुलाच बरा दम लागतो! ढोंग पुरे." मुले हसली. मी पुढे गेले आणि ओट्यांवर उभी राहून हेलियमचा तो चुकीचा इतिहास फार सुंदर सांगितला. ती वर आलीच नाही.

हेलियमच्या चित्रांबद्दल वाचताना एका ठिकाणी मी थांबले ते याचसाठी. दम्याच्या काही रुग्णांची फुंकर-चाचणी अगदी व्यवस्थित होती. पण हेलियमच्या चित्रात त्यांच्या फुप्फुसात जागोजाग काळे ठिपके होते. तिथे हवा पोचतच नव्हती. आकडा नॉर्मल, आणि माणूस खरे बोलत होता. मी चष्मा काढून ठेवला आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

पण गोष्ट पुरी करते. हेलियम-३ मिळतो कुठून? हायड्रोजन बॉम्बसाठी ट्रिटियम साठवतात. ते आपोआप क्षीण होत जाते, बारा वर्षांत जवळपास निम्मे, आणि त्यातून हेलियम-३ तयार होतो. म्हणजे दम्याच्या रुग्णाचा फोटो निघायचा तो बॉम्बच्या कोठारातल्या शिळ्या मालावर! शीतयुद्ध संपले, बॉम्ब कमी झाले, माल आटला. त्यातच २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर अणुसामग्री हुडकणारी यंत्रे बसवली, त्यांनाही हाच वायू लागे. २००८-०९ पर्यंत त्याची एवढी टंचाई झाली की भाव अनेक पटींनी चढले आणि संशोधक हवालदिल झाले.

मग सगळे पुन्हा परक्याकडे वळले. तोवर लेसर सुधारले होते, झेनॉनलाही चांगली शिस्त लावता येऊ लागली होती. आणि झेनॉनच्या अंगी एक गुण होता जो हेलियममध्ये नाही. तो रक्तात विरघळतो. हवेत असताना त्याचा सूर एक, फुप्फुसाच्या पातळ पडद्यात शिरला की दुसरा, आणि तांबड्या पेशीत पोचला की तिसरा. मशीनला हे तिन्ही सूर वेगळे ऐकू येतात. प्राणवायू ज्या वाटेने जातो त्याच वाटेने हा जातो, आणि वाटेत कुठे अडला तेही सांगतो.

प्रत्यक्षात करायचे एवढेच. शिस्त लावलेला वायू पिशवीत भरतात. माणूस मशीनमध्ये झोपून पिशवीतून सुमारे लिटरभर वायू आत घेतो आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखतो. घाई करावीच लागते, कारण फुप्फुसातला प्राणवायू ही शिस्त अर्ध्या मिनिटाच्या आत मोडून टाकतो. थोडे गरगरल्यासारखे होते (भुलीचा वायू ना!), मग श्वास सोडायचा. झाले.

कोविडनंतर याचा खरा उपयोग दिसला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे फर्गस ग्लीसन आणि शेफिल्डचे जिम वाइल्ड यांच्या गटांनी इस्पितळातून घरी गेलेले, तीन महिन्यांनीही धाप लागणारे नऊ रुग्ण तपासले. त्यांचे सीटी स्कॅन नॉर्मल किंवा जवळजवळ नॉर्मल होते. झेनॉनच्या चित्रांत मात्र दिसले की हवा आत पोचते, पण तिथून रक्तात जाताना अडते. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये तर जे कधी इस्पितळात दाखलच झाले नव्हते अशा धाप लागणाऱ्या रुग्णांतही हेच आढळले. संख्या लहान आहे, आणि प्रत्येकाची धाप याच कारणाची असते असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बारा वर्षांवरील रुग्णांत हवा कुठे पोचते ते पाहण्यासाठी या वायूला मान्यता दिली.

माझी ही तपासणी झालेली नाही, होईल असेही वाटत नाही. माझी धाप हळूहळू कमी झाली. आता सात पायऱ्या एका दमात होतात, पावसाळ्यात दोन दमांत. माझ्या फुप्फुसात काय झाले होते ते मला कधीच कळणार नाही. पण ते सारे वाचल्यावर एक झाले. मी ढोंगी नव्हे, एवढे माझे मलाच पटले. पन्नाशी, साठी ओलांडलेल्या बाईला ते पटायला एवढी शास्त्रे लागली. तेरा वर्षांच्या मुलीने कशाच्या आधाराने धरून ठेवले असेल?

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ती भेटली. आता तिला सून आली आहे. पर्समध्ये दम्याचा पंप होता. दम्याचे निदान तिशी उलटल्यावर झाले म्हणाली. मी विजयदुर्गचा विषय काढला आणि तिची माफी मागितली. मला वाटले होते ती म्हणेल, "जाऊ द्या हो बाई, मला आठवतसुद्धा नाही." तसे ती म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "बाई, त्यानंतर मी दम लागतो म्हणून कुणाला सांगायचंच सोडलं होतं."

मग आम्ही जेवायला गेलो. हॉल वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या मध्यावर ती थांबली, आणि मीही थांबले.